बाबा आणि तळवलीचा नारायण रामजी

बाबांना मी मारलं, असं मला वर्षभर वाटतंय.

आज त्यांचं वर्षश्राद्ध झालं. नातेवाईक जेवून गेले. कोणाशी बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

दादा कोविडमध्ये गेला. बाबांनी पोटच्या मुलाचा चेहरा शेवटचा पाहिला तो माझ्या मोबाईलवर.

आई त्याआधीच गेलेली. मग बाबा आमच्या घणसोलीच्या फ्लॅटमध्ये नुसते बसून असायचे. टीव्ही चालू, आवाज बंद.

एक दिवस दामूकाका आले. मूळचे तळवलीचे, तुर्भ्याच्या कंपनीत बाबांबरोबर तीस वर्षं काढलेले. बाबा तिथे साचे-ठसे कोरायचे. जुनं घर पाडून बिल्डिंग बांधत होते. खिशातून पितळेची एक चकती काढून त्यांनी बाबांच्या हातावर ठेवली.

"पाया खनताना घावला. तू डायमेकर, तुला कलंल काय हाय त्ये."

बाबांनी ती चिंचेने घासली, भिंग लावलं.

एका बाजूला 'नारायण रामजी, किराणा, तळवली'. दुसऱ्या बाजूला 'अर्धा शेर तांदूळ'.

जुनी नाणी जमवणाऱ्या एकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं दुकानाचं टोकन आहे. दुकानात द्यायचं, तांदूळ घ्यायचे.

"मनू, हा 'रा' बघ. ठसा हाताने कोरलाय. गावातल्या किराणावाल्याला एवढी हौस! याच्या घरचं कोणीतरी असेलच की. त्यांना नेऊन देऊ."

कित्येक महिन्यांनी बाबा एका दमात एवढं बोलले.

मग दोन वर्षं तेच. तळवलीत म्हाताऱ्या माणसांना गाठायचं, वहीत लिहून घ्यायचं. तळोज्याला त्याच्या वंशातलं एक घर आहे असं कळलं, तर भर उन्हात बसने तिथे. ते लोक भलतेच निघाले.

"जाऊ दे, चहा फक्कड होता," म्हणत घरी आले. हसत होते.

शेवटी मीच तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचे फोटो मिळवले. सगळं मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या एका सरांना पाठवले.

सरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते.

"ताई, त्याच्या घरच्या पाच नोंदी आहेत. आई, बायको, तीन मुलं. सगळे प्लेगने गेले. अकरा दिवसांत."

"आणि तो?"

"त्याची नोंद तीन वर्षांनंतरची. घरचं कोणी नाही, असं लिहिलंय."

रिक्षात बसून ठरवलं, खोटं बोलायचं. सांगायचं, वंशज आहेत, दूर कुठेतरी आहेत, पत्ता मिळत नाही. बाबा शोधत राहतील.

दार बाबांनीच उघडलं. "सर काय म्हणाले?"

मला नाही जमलं. मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी टोकन हातात घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं तो एकटाच दुकान उघडत होता?"

"असेल, बाबा."

"कशासाठी?"

 

दुसऱ्या दिवशी ते टोकन त्यांनी दामूकाकांना परत केलं. "याचं कोणी नाही."

"आरं, मंग तूच ठेव की," काका म्हणाले. बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर फिरणं बंद. जेवण दोन घास. बीपीच्या गोळ्या मला उशीच्या अभ्र्यात सापडल्या, महिनाभराच्या. डॉक्टर म्हणाले, मनाने घेतलंय.

एकदा मी ओरडले त्यांच्यावर. "मी आहे ना बाबा! मी कोणीच नाही का?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आहेस गं."

आवाजात काही नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला 'माल आहे' म्हणतात, तेवढंसुद्धा नाही.

चार महिन्यांत गेले.

लोक म्हणतात, वय झालं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी हो म्हणते.

बाबा, एक खोटं बोलायचं होतं फक्त. आयुष्यभर तुमच्याशी किती खोटं बोलले, सिनेमाला जाताना, मार्क लपवताना. नेमकं त्या दिवशी खरं बोलले.

दादा भेटला असेल, असं सगळे म्हणतायत. तुमचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नाही.

नमस्कार करते, बाबा. चुकलं माझं.