उतारावर झोपणारी मोटार

लढाईनं पेट्रोल अत्तराहून महाग केलं, तेव्हा बोरी-परभणी मोटारीचा ड्रायव्हर टाकी उघडताना आम्हा उतारूंना नाकं दाबायला लावायचा. "वास वढू नका, तेवढ्यात गाडी कोसभर जाती!" उतार आला की इंजन बंद, चढ आला की आम्ही खाली.

"भाडं देऊन ढकलायचं बी आमीच?" गुळाचे व्यापारी शेटजी रोज कुरकुरायचे.

"मग बैलगाडीनं जावा की!"

एकदा बोरीत एक अडलेली बाळंतीण गाडीत घातली. दवाखाना परभणीला. पहिला उतार लागताच मी सवयीनं म्हणालो, "इंजन बंद करायचं ऱ्हायलं."

"गप बसा. लय शहाणे हायत!"

त्या दिवशी इंजन क्षणभरही झोपलं नाही. मोटार अशी उडाली, की आमची धूळ परभणीला दुसऱ्या दिवशी पोचली. दवाखान्याच्या दारात टाकी कोरडी पडली. पोरगी झाली, दोघी सुखरूप.

ड्रायव्हर डोळे पुसत बाहेर आला अन् आमच्यावर खेकसला, "बघताय काय? परतीचं पेट्रोल त्या पोरीनं पिलंय. लागा मागं, बोरीपस्तोर!"

कुणी कुरकुरलं नाही. शेटजी तर उतारावरही ढकलत होते.