दोन्ही हब मी फिरवले

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. शेवटी मामांना विचारलं. "लिव की. खोटं लिवू नको म्हंजे झालं," म्हणाले.

आमचं गाव आण्याच्या पठारावर. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ओतूरच्या कॉलेजात नाव घातलं आणि डिंगोऱ्यात मामांकडे राहायला आलो. मामा ओतूरच्या एका शेठची जीप चालवायचे. शेठचा हिरड्याचा व्यापार होता. उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन हिरड्याची पोती खाली आणायची, हे मामांचं काम. सुट्टीत मीही बरोबर जायचो. वरचा रस्ता म्हणजे मुरूम आणि सुटे दगड. साधी गाडी तिथे चढायची नाही. ही चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप होती.

मोठ्या चढाच्या तोंडाशी मामांचा एक नेम असायचा. गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवायचं, कुणी म्हातारी कुरकुरली तरी. मग पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवायची. तिला हब म्हणतात. हब लावले तरच इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. नाहीतर आत कुठलाही गिअर टाका, पुढची चाकं नुसती घरंगळत राहतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा विचारायची लाज वाटायची.

त्या उन्हाळ्यात शेठनी हब बदलून घेतले. जुन्यांवरची अक्षरं झिजलेली होती, मामांना हाताच्या सवयीने कळायचं. नव्यांवर इंग्रजी शब्द होते आणि खुणाही वेगळ्या होत्या. पहिल्याच फेरीला चढाखाली मामा स्टिअरिंगवरूनच ओरडले, "भाचेबुवा, बघा जरा काय लिवलंय. का कालेजात नुसता चहाच पेता?"

बाजार करून वाडीला निघालेल्या चार बाया आमच्याबरोबर होत्या. त्या हसल्या. एक म्हणाली, "वाचू द्या की त्याला, घाम फुटला बिचाऱ्याला."

चकतीवर एकीकडे ‘लॉक’ होतं, दुसरीकडे ‘फ्री’. आमच्याकडे चाक अडकलं की ‘लॉक झालं’ असंच म्हणतात. मला वाटलं, अडकलेल्या चाकाने गाडी चढेल कशी? ते मोकळंच हवं. गॅरेजवाल्याने हब लॉकवर ठेवून दिले होते. मी दोन्ही फ्रीवर फिरवले. शंका आली होती, हे खरं सांगतो. "मामा, मला नक्की कळत नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण बाया बघत होत्या. मी म्हणालो, "झालं मामा, जाऊ द्या."

जीप निम्म्यावर गेली आणि मागची चाकं जागीच फिरायला लागली. मुरूम उडाला. मग गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच मागे घसरत आली आणि कडेच्या चरीत तिरकी अडकली. मामा दारावर आपटले. उजवा हात मोडला. बाकी सगळे खाली होतो म्हणून वाचलो.

बायांनी मामांना झाडाखाली नेलं. मी गाडीपाशी थांबलो. मामांना लागलं होतं आणि मी चकतीवरची अक्षरं वाचत होतो. लॉक म्हणजे चाक इंजिनाला जोडलेलं, हे तेव्हा कळलं. मी दोन्ही हब लॉकवर फिरवले आणि मग झाडाखाली गेलो.

दुसऱ्या दिवशी शेठ मेकॅनिकला घेऊन वर गाडी बघून आले आणि तसेच मामांच्या घरी आले. तो म्हणाला, "हब तर लागलेत. गाडी चढायलाच पायजे व्हती. डायवरचंच चुकलं."

मामा खाटेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "पायच चुकला असंल. क्लच लवकर सोडला असंल मी." मी त्यांना पाणी दिलं.

दोन महिन्यांनी हात जुळला. शेठनी निरोप धाडला, गाडीवर ये. मामा जाईनात. मामी भांडली, तर म्हणाले, "पायाचा भरवसा न्हाई राह्यला. उद्या मानसं बसलेली असली म्हंजे?" वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ओट्यावर बसून आपला डावा पाय वरखाली करून बघायचा.

तेव्हा मी सांगितलं. हब उलटे फिरवले ते, आणि नंतर गुपचूप बदलले तेही. मी मार खायच्या तयारीने उभा होतो.

मामांनी पाय खाली टेकवला. मग विचारलं, "म्हंजे माझा पाय चुकला नव्हता?"

"नाही, मामा."

"क्लच बराबर सुटला व्हता?"

"हो."

त्यांनी चप्पल घातली. "चल. हेच शेठसमोर बोलायचं."

दुकानात गिऱ्हाइकं होती, हमाल होते. शेठ म्हणाले, आत बसून बोलू. मामा म्हणाले, "न्हाई शेठ, हितंच." मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. मधे अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

शेठ मामांकडे वळले. "आणि तू तर म्हणालास, माझा पाय चुकला?"

"मला तसंच वाटत व्हतं, शेठ," मामा म्हणाले. "दोन म्हैने रोज तसंच वाटत व्हतं."

माझ्याकडे मामांनी बघितलंही नाही. शेठनी खुंटीवरची किल्ली काढून त्यांना दिली. मामा जीप घेऊन वाडीच्या रस्त्याला लागले. मला गाडीत बस म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. डिंगोऱ्याला चालत गेलो.