ओळख काढण्याची पाच मिनिटं

“हे वाक्य मी म्हणणार नाही,” मी म्हणाले. समोरचा माइक चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. हॉटेलच्या रिकाम्या बॉलरूममध्ये माझा नकार चारही कोपऱ्यांतून ऐकू आला आणि खुर्च्यांना पांढरे झगे चढवणारी दोन माणसं जागच्या जागी थांबली.

आमचे कंट्री हेड श्रीरंग पहिल्या रांगेतून उठले. कंट्री हेड म्हणजे पुण्याच्या आयटी कंपनीचा सिंगापूरमधला सगळ्यात मोठा साहेब. ते स्टेजपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वकीलबाई, कोणतं वाक्य?”

“शेवटचं. ‘आमच्या मुलाखतीच्या टेबलावर फक्त गुणवत्ता बसते.’”

“काय वाईट आहे त्यात? कम्युनिकेशनची टीम आठवडाभर त्यावर बसली होती.”

“वाईट काही नाही. खोटं आहे.”

दुसऱ्या दिवसापासून त्या बॉलरूममध्ये कायद्याची परिषद सुरू होणार होती. विषय समान हक्कांचा. पहिला दिवस शाळांमधल्या भेदभावाचा: कोणत्या देशात मुलांना वेगळं बसवत, कोर्टांनी ते कसं मोडलं. दुसरा दिवस नोकरीतल्या भेदभावाचा. आम्ही प्रायोजक होतो. प्रायोजकाला मागच्या पडद्यावर लोगो मिळतो, पहिल्या रांगेत खुर्च्या मिळतात आणि स्वतःची स्तुती करायला पंधरा मिनिटं मिळतात. ही स्तुती दुसऱ्या दिवशी मी करायची होती. मी पुण्यात बरीच वर्षं लेबर कोर्टात वकिली केली होती आणि आता कंपनीची इथली लीगल हेड होते. तेव्हा, म्हणजे २०१५च्या आसपास, सिंगापुरात नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा नव्हता, मार्गदर्शक तत्त्वं होती. तत्त्वं असली की परिषदा जास्त होतात.

ते वाक्य खोटं का, हे श्रीरंगना माहीत होतं. आधीच्या आठवड्यात सुजाता निमगावकर माझ्या केबिनमध्ये आली होती.

सुजाता आमची सीनियर इंजिनियर. इथल्या बंदरातल्या एका क्लायंटचं काम तिने जवळजवळ एकटीने ओढलं होतं. ते प्रोजेक्ट संपलं. प्रोजेक्ट संपलं की इंजिनियर ‘बेंच’वर येतो, म्हणजे पगार चालू, काम बंद. बेंच फार दिवस परवडत नाही, कंपनीलाही आणि माणसालाही. इथे राहण्याचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पास गेला, आणि पाठोपाठ घर आणि मुलांची शाळाही. सुजाताची मुलगी प्रायमरी सिक्सला होती. या देशात प्रायमरी सिक्स म्हणजे आपली दहावी, फक्त बारा वर्षांच्या मुलांची.

नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या नव्या प्रोजेक्टला टीम लीड हवा होता. तीन उमेदवार होते. सुजाताची निवड झाली नाही. कारण दिलं होतं, ‘टीम फिट नाही.’

“मला दयेने नोकरी नको, मॅडम,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “फक्त शेवटची पाच मिनिटं कशासाठी होती ते विचारून द्या.”

मुलाखत घेतली होती दोघांनी. एक आमचा डिलिव्हरी मॅनेजर अभिजित, दुसरा केल्विन, इथलाच, चिनी वंशाचा. सगळी मुलाखत इंग्रजीत झाली, चांगली झाली. मग अभिजित खुर्चीत रेलून मराठीत म्हणाला, “निमगावकर म्हणजे कुठलं निमगाव?”

“परभणीकडचं, म्हटलं,” सुजाता सांगत होती. “म्हणाले, गावावरून पडलेलं दिसतंय, मूळ आडनाव काय? मी म्हटलं, हेच. मग म्हणाले, कुलदैवत कोणतं? मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, कुलदैवत नसतं. त्यावर ते ‘अच्छा’ म्हणाले. दोनदा. पहिलं मोठ्याने, दुसरं जरा बारीक.”

ती पुढे म्हणाली, “माझ्या वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव ऐकून बाक ठरवला होता. दाराजवळचा, चपलांच्या शेजारी. आजोबांनी शाळा बदलली आणि नव्या शाळेत गावाचं आडनाव सांगितलं. त्या आडनावावर आमच्या दोन पिढ्या शिकल्या. आता हे विचारतात, त्याआधी काय होतं.”

मराठी माणूस ओळख काढतो. मीही काढते. विमानात शेजारी मराठी माणूस बसला की विमान उडेपर्यंत आम्ही आडनावावरून गावापर्यंत आणि गावावरून कुणाच्या तरी आत्याच्या दिरापर्यंत पोचलेलो असतो. यात माया असते, हे खरं. पण त्या मायेच्या रस्त्यावर एक जकातनाका असतो. ज्यांच्याकडे कधी जकात मागितलीच नाही, त्यांना तो दिसत नाही.

मी अभिजितला बोलावलं. तो बावरला नाही, उलट हसला.

“मॅडम, तासभर इंग्रजीत छळल्यावर दोन शब्द आपल्या भाषेत बोललो. परदेशात एवढंही करायचं नाही का?”

“मूळ आडनाव विचारलंत?”

“विचारलं की. माझ्या मावशीच्या सासरचेही निमगावकर आहेत. म्हटलं, बघू नातं निघतंय का.”

“निघालं?”

“नाही.”

“मग काय निघालं?”

त्याचं हसू गेलं. मग म्हणाला, “माझ्या मनात तसलं काही नव्हतं. टीममध्ये ती मिसळेल असं वाटलं नाही, एवढंच.”

“हे कधी वाटलं? इंग्रजीत की मराठीत?”

“तुम्ही कोर्टात नाही आहात, मॅडम,” तो म्हणाला आणि उठला. मुद्दा बरोबर होता. कोर्टात त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

केल्विनला मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, गाठलं. समोर नूडल्सचा वाडगा होता आणि त्याचं लक्ष त्यातच होतं. “स्मॉल टॉक, ला,” तो म्हणाला. इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘ला’ लागतो. “तुमची भाषा मला कळत नाही. मी फोन बघत होतो.”

“निकाल कसा ठरला ते तरी सांग.”

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मध्येच सुजाता पाणी प्यायला बाहेर गेली होती, तेव्हा अभिजित त्याला म्हणाला होता, “धिस वन, कॅन.” केल्विनही म्हणाला होता, “कॅन.” सिंगापूरच्या इंग्रजीत याहून लांब शिफारस नसते. ती परत आली, मराठी झाली, ती गेली, आणि अभिजित म्हणाला, “नॉट शुअर.”

“तू विचारलं नाहीस, ‘का’ म्हणून?”

“विचारलं. तो म्हणाला, फिट. मला वाटलं, तुमचं काहीतरी कल्चरल असेल. आपण मध्ये कशाला पडायचं?”

असा साक्षीदार मला लेबर कोर्टात कधी मिळाला नव्हता. तिथे सगळे शब्द पाठ असलेले आणि काहीही न पाहिलेले साक्षीदार भेटायचे. याला एक शब्द कळला नव्हता, पण शब्दांच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते त्याने नीट पाहिलं होतं.

हे सगळं मी श्रीरंगना सांगितलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं: “परिषद होऊन जाऊ दे.” रंगीत तालमीच्या त्या दुपारी ते पुन्हा तेच म्हणाले.

“परिषद संपेल त्याच संध्याकाळी टीमची नावं हॉस्पिटलकडे जातील,” मी म्हटलं. यावेळी माइकपासून लांब. “त्यानंतर तिच्यासाठी जागाच नाही. मुलाखत आत्ता पुन्हा घ्यायला हवी. तिघांचीही.”

“अहो, मलासुद्धा आयुष्यभर सगळे विचारत आलेत. कुठले तुम्ही, कोणत्या आळीतले, अमक्यांचे कोण. मी कधी तक्रार केली?”

“तुमच्या उत्तराने कधी नोकरी गेली?”

ते स्टेजवरच्या ऑर्किडकडे बघू लागले.

“तुम्ही म्हणणार नसाल तर ते वाक्य केल्विन म्हणेल,” शेवटी ते म्हणाले.

“जरूर. तो मुलाखतीत होता. प्रश्नोत्तरांत कुणी काही विचारलंच, तर तो सरळ माणूस आहे.”

“ही धमकी आहे का, वकीलबाई?”

“नाही. मी कंपनीची वकील आहे. तिचं नाव किंवा तुमचं नाव मी स्टेजवरून घेणार नाही. पण जे झालेलं नाही, ते झालं असं मी म्हणणार नाही. भाषण तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता. मुलाखतीचा विषय मी सोडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी परिषद सुरू झाली. प्रमुख पाहुणे यायच्या आधी निवेदिकेने आम्हाला उठून उभं राहण्याचा सराव दिला. देशोदेशींचे वकील आज्ञाधारकपणे उठले आणि बसले. समान हक्कांच्या परिषदेत गळ्यातल्या ओळखपत्रांच्या फिती चार रंगांच्या होत्या, आणि सोनेरी फीतवाल्यांची कॉफी वेगळ्या टेबलावर होती. हे कुणाला खटकलेलं दिसलं नाही. कॉफी चांगली होती, हे मी सांगू शकते. माझी फीत सोनेरी होती.

मुख्य भाषण परदेशातून आलेल्या एका वयस्क वकीलबाईंचं होतं. त्यांनी त्यांच्या देशात शाळांचे खटले लढवले होते. त्या स्लाइडशिवाय बोलल्या, आणि थोडक्यात. कोर्टाने शाळेचं दार एका दिवसात उघडायला लावलं, पण आत कोण कुणाशेजारी बसतं हे बघायला मी अजून जाते, असं त्या म्हणाल्या.

प्रश्नोत्तरांत श्रीरंग उठले. प्रायोजकाने एक प्रश्न विचारायचा, हे कार्यक्रमात ठरलेलंच होतं. “यातून आम्ही उद्योगांनी काय शिकावं?”

बाईंनी चष्मा काढला. “ज्या वर्गांत मुलांना वेगळं बसवत, तिथल्या बऱ्याच शिक्षिका प्रेमळ होत्या,” त्या म्हणाल्या. “मुलांना त्यांची नावं अजून आठवतात. प्रेमळ आहेत म्हणून कुणी त्यांच्या वर्गाची तपासणी करत नसे.”

श्रीरंग बसले. टाळ्या झाल्या. जेवणाच्या वेळी ते प्लेट घेऊन माझ्या शेजारी आले आणि बराच वेळ सॅलड इकडून तिकडे करत राहिले.

“अभिजितला बाजूला ठेवला तर पॅनेलवर कोण?”

“केल्विन, आणि फायनान्समधली ती फिलिपिनो मॅनेजर. ती तिघांपैकी कुणालाच ओळखत नाही.”

“आणि पुन्हा सुजाता पडली तर?”

“तर पडली.”

हे मी सुजातालाही फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, “पडले तर पडू दे. कशाने पडले ते तरी कळेल.”

मुलाखती त्याच दुपारी आमच्या क्वीन्सटाउनच्या ऑफिसात झाल्या. पद्धत साधी. इंग्रजीत तिला ‘स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू’ म्हणतात. तिघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच भाषेत. गाव, घर, जेवण, देव, यांतलं काहीही नाही. प्रत्येकाने आधी आपापले गुण द्यायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं. मी काचेच्या बाहेर बसले. आतलं ऐकू येत नव्हतं. केल्विनचा फोन पालथा ठेवलेला दिसत होता.

अभिजित कॉरिडॉरमधून दोनदा गेला. दुसऱ्यांदा थांबून म्हणाला, “तुम्ही मला जातीयवादी ठरवलंत.”

“मी तुम्हाला काहीच ठरवलेलं नाही. मी मुलाखत चुकीची ठरवली.”

“फरक काय?”

“मुलाखत पुन्हा घेता येते.”

संध्याकाळी केल्विन बाहेर आला. “सुजाता,” तो म्हणाला. “दोघांच्याही यादीत तीच पहिली. दुसरा कॅन्डिडेट पण गुड, ला, पण तिने हॉस्पिटलचा सगळा डेटा आमच्यासमोर मांडून दाखवला.” मी तिला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, मी जरा वेळाने करते,” आणि फोन ठेवला. तो फोन तिने दुसऱ्या दिवशी पहाटे केला.

त्या सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या मी आणि श्रीरंगनी माझं शेवटचं वाक्य नव्याने लिहिलं. ‘नुकतीच आमच्याकडची एक मुलाखत चुकीची झाली. आम्ही ती पुन्हा घेतली.’ पहाटेच्या फोनवर सुजाताने अशा उल्लेखाला संमती दिली होती. श्रीरंगना ‘चुकीची’ऐवजी ‘अपूर्ण’ हवं होतं.

“अपूर्ण कशी? गरजेपेक्षा पाच मिनिटं जास्तच झाली होती,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. ‘चुकीची’ राहिलं. बॉलरूममध्ये त्या वाक्यानंतर टाळ्या पडल्या नाहीत. हात वर झाले. पंधरा मिनिटांच्या स्तुतीला कुणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी निवेदिकेला प्रश्न थांबवावे लागले. पुण्याहून आलेल्या व्हाइस प्रेसिडेंटनी नंतर मला विचारलं की हे प्रेस रिलीजमध्ये जाणार नाही ना. मी म्हटलं, नाही, खरं आहे म्हणून.

पुढच्या महिन्यापासून आमच्या सगळ्या मुलाखती तशाच होऊ लागल्या. अभिजित काही आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग प्रशिक्षण घेऊन पॅनेलवर परत आला. आता तो ठरलेल्या प्रश्नांच्या बाहेर जात नाही. त्याचं मन बदललं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते माझ्या कामात बसत नाही.

तक्रार आली ती सुजाताची. टीमसाठी ती स्वतः मुलाखती घेऊ लागली होती. एक दिवस केबिनमध्ये आली आणि धपकन बसली.

“फार कोरडा नियम आहे हो तुमचा. आज नांदेडचा पोरगा आला होता. इतका घाबरलेला! मराठीत दोन शब्द बोलले असते तर सावरला असता. मी आपली पुढचा प्रश्न, पुढचा प्रश्न.”

“मग? सावरला का?”

“सावरला. तिसऱ्या प्रश्नाला.”

“आणि घेतलात?”

“नाही. दुसरी जास्त चांगली होती. व्हिएतनामची.” जायला उठता उठता ती म्हणाली, “बोलले असते ना मॅडम, तर मी त्यालाच घेतला असता.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत या विषयावर याहून नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही, परिषदांमध्ये तर नाहीच. न्याय्य मुलाखत कंटाळवाणी असते. तिच्यात मजा येऊ लागली की समजावं, बाहेर बसलेल्या कुणाची तरी नोकरी खर्ची पडते आहे.