अंगणातला वाफा

वर भेगा पडल्या म्हणजे गाळ वाळला, असं नवख्या माणसाला वाटतं. ती नवखी नव्हती. सांडपाणी शुद्ध केल्यावर टाकीच्या तळाशी उरणारा गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरून वाळवायचा, हे काम नवरा गेल्यावर तिच्या अंगावर आलं होतं. तिने दंताळ्याचा दांडा भेगेत खुपसला. खाली नुसता चिखल.

आभाळ काही केल्या उघडत नव्हतं आणि टाकी काठोकाठ भरली होती. मुकादम सकाळीच गुरकावला होता, "आज एक वाफा रिकामा पाहिजे. आणि ओला माल म्हणून गाडी परत आली, तर तूही घरी बस."

"दोन्ही कसं जमायचं, दादा?"

"ते तू बघ."

तिने बघितलं. गाडीत खाली ओला गाळ भरला आणि वर शेजारच्या वाफ्यावरच्या कोरड्या खपल्या रचल्या. गाडी चालवणारा तिचा दीर हसला, "वहिनी, पावडर लावलीत की हिला!"

"भावजी, हळू न्या. गचके नका देऊ."

गाडी बाहेर पडते न पडते तोच मुकादमाने टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. रिकामा वाफा बघता बघता भरला.

दुपार कलली आणि दिराचा फोन आला. "कचरा डेपोवाल्याने गज खुपसून बघितला. आत घेत नाही म्हणतो. परत आणू?"

"नको! मुकादम फाटकातच बसलाय. आणि वाफेही भरलेत सगळे."

"मग कुठे ओतू? तुमच्या अंगणात?" तो वैतागून म्हणाला.

तिचं दुसरं काम शोधून झालं होतं. अंगाला वास येतो म्हणून लोक दारातूनच वाटेला लावायचे.

"ओता."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? आई घरात झोपलीय!"

"आईंना मी सांगेन. गाडी रिकामी आणा."

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा शेजारीण कंबरेवर हात ठेवून तिच्या नावाने ओरडत होती. तिची लेक ओढणीत नाक खुपसून भिंतीला टेकली होती. अंगणभर काळा गाळ पसरला होता. वरच्या खपल्या त्यात कधीच बुडून गेल्या होत्या.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी आतून विचारलं, "गटार फुटलं का गं?"

"नाही, आई. काम घरी आणलंय."

"मग दार तरी लाव."

तिने दार ओढून बघितलं. गाळ उंबरा ओलांडून आत आला होता.

"दार लागत नाहीये, आई," ती म्हणाली आणि दंताळं घेऊन उंबऱ्यापासून गाळ मागे ओढू लागली. ओढला तेवढा तो पुन्हा आत येत होता.