एककबाईंचं तळघर

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि नवऱ्याच्या तोंडी आहे. बाकी सगळं विद्यापीठ त्यांना एककबाई म्हणूनच ओळखतं, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या जिभेनं कमावलेलं आहे. वर्गात कोणी उत्तर दिलं, ‘बाई, बारा,’ की त्यांचा खडू हवेत थांबायचा. ‘बारा काय? बारा ग्रॅम, बारा लिटर, का बारा कोंबड्या?’ आकड्यापुढे एकक नसेल तर बरोबर उत्तराचेही गुण त्या कापत. कोणी तोंड पाडून आलंच, तर त्याला बसवून समजावत की नुसता आकडा म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट, ते कुठंच पोचत नाही. घरीही तीच तऱ्हा. नवऱ्यानं फोनवर ‘दहात पोचतो’ म्हटलं की इकडून ‘दहा काय?’ संसाराला इतकी वर्षं झाल्यावर तो बिचारा आता मुकाट्यानं ‘दहा मिनिटांत’ असं पुरतं बोलतो.

रसायनशास्त्राच्या इमारतीत बाईंचा वर्ग तळघरात. एका भिंतीवरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, आणि छताजवळ एक लांबट खिडकी, तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. ज्यांना रसायनशास्त्र घ्यायचं असे, त्या सगळ्या नव्या विद्यार्थ्यांची सुरुवातीला संगणकावर एक चाचणी होई. त्यात पास-नापास काही नव्हतं. कोणाची तयारी कुठवर आली आहे एवढंच बघायचं. पक्की असेल तर वरच्या मजल्यावरचा मुख्य वर्ग, कच्ची असेल तर आधी एक सहामाही बाईंकडे आणि मग वर. व्यवस्था सरळ होती, माणसं मात्र नव्हती. ‘तळघरात गेला’ हे विद्यापीठात अशा सुरात म्हटलं जाई, की जणू पोराला अटकच झाली.

बाईंना त्याचा राग येई, आणि तो त्या लपवतही नसत. खालून गेलेली मुलं वर जाऊन टिकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. विभागप्रमुखांनी एकदा त्यांना मुख्य वर्ग देऊ केला आणि वर ही बढती आहे असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘वर शिकवायला रांग लागलीय सर. खाली कोण येणार?’  बाई जिना उतरून आपल्या पाइपांच्या सोबतीला परत आल्या आणि त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अंमळ जोरातच शिकवलं.

एवढ्या खमक्या बाई, पण एका माणसापुढे त्यांचा आवाज आपोआप खाली येई. ते माणूस म्हणजे त्यांच्या थोरल्या नणंदबाई. वन्संचं कपडे शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. हात असा, की फाटलेला कोट वन्संनी रफू केला तर खुद्द मालकाला फाटलेली जागा सापडू नये. जीभही तितकीच बारीक टोचणारी. भावजय विद्यापीठात आहे हे सांगावंच लागलं, तर त्या सांगत, ‘असते तिथं. कच्च्या मुलांची शिकवणी घेते.’ हे बाईंच्या कानावर येई, दुखे, आणि त्या ते गिळून टाकत.

सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा वन्संनीच त्यांचं सगळं केलं. घरी येणारी नर्स हळूहळू वन्संच्या हातात कामं द्यायला लागली आणि एकदा सहज म्हणून गेली की तुमचा हात या कामाचा आहे. आई गेली, पण ते वाक्य वन्संच्या डोक्यातून गेलं नाही. केस पांढरे व्हायला लागलेल्या वयात त्यांनी बाईंच्याच विद्यापीठात नर्सिंगला अर्ज केला आणि त्यांना जागाही मिळाली. अट एकच होती. पहिल्या वर्षी रसायनशास्त्र सुटलं पाहिजे, नाहीतर जागा गेली, आणि त्या वयात दुसऱ्यांदा कोणी दार उघडणार नव्हतं.

तर वन्संनी चाचणीची तयारी केली. एका गिऱ्हाइकाच्या मुलीकडून मागच्या वर्षीचे सरावाचे प्रश्न मिळवले, मशीनसमोरच्या खिडकीला चिकटवले, आणि पाय मशीनवर चालवत ओठांनी उत्तरं पाठ केली. पाठांतराला त्या लहानपणापासून पक्क्या. चाचणीत निम्मे प्रश्न त्याच वळणाचे आले आणि वन्सं थेट वरच्या वर्गात. त्या संध्याकाळी भावाकडे येऊन त्यांनी ही बातमी सांगितली, आणि जाता जाता चपला घालताना भावजयीला म्हणाल्या, ‘चला, मला काही तुझ्या तळघरात यायची वेळ आली नाही बाई.’

बाई हसल्या. हसू ओठांवरच राहिलं. कारण ही चूक त्यांनी दरवर्षी पाहिली होती. जी चाचणी फक्त माप घेण्यासाठी असते, तिला माणसं शर्यत समजतात, जीव तोडून जिंकतात आणि मग न पेलणाऱ्या वर्गात जाऊन बसतात.

पहिल्याच आठवड्यात जिन्यावर त्यांना वन्सं दिसल्या. वह्या छातीशी, चेहरा उतरलेला. बाईंनी विचारलं तर वन्सं म्हणाल्या, छान चाललंय. वर्ग बदलायला पहिले पंधरा दिवस मिळत, पण मागणी विद्यार्थ्यानं स्वतः करायची, शिक्षकानं कोणाला खाली ओढायचं नाही असा नियम. घरी बाईंनी विषय काढला तर नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, ताईला तू हे सांगितलंस तर आपलं जाणं-येणं बंद होईल. बाई दोन दिवस गप्प बसल्या, आणि त्यांच्या स्वभावाला ते फार झालं. वन्सं तोंड फिरवतील ते चालेल, पण वन्संची जागा जाताना आपण बघत बसलो, हे पुढं कसं पचणार?

तिसऱ्या दिवशी त्या एक परकर घट्ट करून घ्यायच्या निमित्तानं दुकानात गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मशीनच्या फळीवर मुख्य वर्गाचं जाडजूड पुस्तक उघडं होतं आणि त्याच्या पानावर कापडाला खुणा करायच्या खडूची धूळ सांडली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बाईंनी विचारलं, ‘वन्सं, एक मोल मीठ हवं असेल तर किती घ्याल?’

‘अठ्ठावन्न पूर्णांक पाच,’ वन्सं ताडकन म्हणाल्या.

‘अठ्ठावन्न पूर्णांक पाच काय?’

वन्संनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, ‘काय म्हणजे? तेवढे मोल.’

ग्रॅम, हे त्यांना सांगता आलं नाही. पाठ केलेला आकडा हाताशी होता, तो कशाचा ते ठाऊक नव्हतं. हे दोघींनाही एकाच क्षणी कळलं. वन्संच्या नाकाचा शेंडा लाल झाला. माझी परीक्षा घ्यायला आलीस का, असं त्यांनी विचारलं, आणि मग एकदम जे मनात साठलं होतं ते बाहेर आलं. सहा महिने मागं जायचं, पोरासोरांच्या बरोबर कच्च्या वर्गात बसायचं, आणि तेही धाकट्या भावाच्या बायकोपुढं. माझ्याकडे वाया घालवायला सहा महिने आहेत का गं? हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. बाईंना त्यांची अशी कीव कधी आली नव्हती, आणि असं प्रेमही कधी वाटलं नव्हतं.

‘वन्सं,’ त्या म्हणाल्या, ‘माप देताना पोट आत ओढून धरणारी गिऱ्हाइकं येतात ना तुमच्याकडे?’

‘येतात की. रोज येतात.’

‘मग त्यांचं काय होतं?’

 असल्या गिऱ्हाइकांचे उसवलेले कपडे खुंटीला टांगलेले होते, त्यांच्याकडे वन्सं बघत राहिल्या. मग टेप उचलली, भावजयीच्या कंबरेचं माप घेतलं आणि परकर परवा न्यायला ये म्हणाल्या. आणि पुन्हा मशीनवर बसल्या. बाई घरी आल्या त्या आपण सगळं बिघडवलं असं समजूनच.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तळघराचं दार उघडलं. खांद्यावर पिशवी घेऊन वन्सं आत आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, ‘येऊ का मॅडम?’ आधी बसून मग विचारायची त्यांची जुनीच रीत. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

त्यानंतर मात्र त्यांनी नणंदेला नणंद म्हणून सूट दिली नाही. पहिल्याच गणिताला वन्सं म्हणाल्या, ‘तीन,’ आणि सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला. ‘तीन काय, वन्सं?’ वर्ग हसला. वन्संही हसल्या, आणि मग वहीत शोधत सावकाश म्हणाल्या, ‘मोल.’ मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या, हे त्यांना उमगलं ते बटणांमुळं. दुकानात बटणं ग्रोसनं, म्हणजे बारा-बारा डझनांनी येत, आणि एक ग्रोस शर्टाची बटणं नि एक ग्रोस कोटाची बटणं मोजली तर सारखी, पण वजनाला वेगळी. हे त्यांना स्वतःलाच सुचलं तेव्हा त्या बाकावरून अर्ध्या उठल्या. बाईंनी ते उदाहरण त्यांच्याकडून रीतसर मागून घेतलं आणि आजही त्या ते वर्गात देतात.

पुढच्या सहामाहीत वन्सं वरच्या वर्गात गेल्या. पहिल्या आल्या, असं काही झालं नाही. मधल्या फळीत आल्या, रसायनशास्त्र सुटलं, नर्सिंगची जागा राहिली. घरी त्यांनी त्याबद्दल आभार-बिभार मानले नाहीत. परकर मात्र फुकट घट्ट करून दिला होता, आणि तो आजतागायत उसवलेला नाही.

यंदा उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांची चाचणी झाली तेव्हा बाईंचा वर्ग सुरू होऊन आठवडा झाला होता. बाई वरच्या कार्यालयातून हजेरीपत्रक घेऊन येत होत्या. जिन्याच्या वळणावर एक मुलगी डोळे पुसत उभी होती. तिच्यासमोर नर्सिंगच्या पांढऱ्या कोटात वन्सं. बाई वरच्या पायरीवरच थांबल्या.

‘रडतेस काय?’ वन्सं म्हणत होत्या. ‘मी स्वतः मागून खाली गेले होते. तू जा बिनघोर. तिथं माझी भावजय शिकवते.’

मुलीनं विचारलं, त्या चांगल्या आहेत का.

‘जीव खाते,’ वन्सं म्हणाल्या. ‘पण या अख्ख्या इमारतीत तिच्यासारखी शिकवणारी नाही. आमच्या घरातली आहे ती.’

बाई त्या दोघींच्या बाजूनं खाली उतरल्या. वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं, खडूला जरा जास्तच जोर लागला आणि तो मोडला. ती मुलगी मागून आत येऊन बसली. पहिल्या बाकावरचा एक जण गणित सोडवून म्हणाला, ‘बाई, आठ.’

‘बरोबर,’ एककबाई म्हणाल्या, आणि आठ काय ते विचारायचं त्या साफ विसरल्या.