पहिल्या नकारावर निघून गेलेला माधव

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या माझ्या भातगिरणीत एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि व्यापारी म्हणेल तो भाव देऊन टाकला. नंतर स्वतःचा राग आला. माधवचा तर अजून येतो.

तो माझा चुलतभाऊ. मी शाळा सोडून पोती उचलली आणि गिरणी उभी केली. तो तंजावूरच्या कॉलेजात शेतकी शिकवायचा. निवृत्तीनंतर ओरत्तनाडूजवळच्या जमिनीत उतरला. तिथे कालव्याचं शेवटचं टोक, पाणी पोचलं तर पोचलं. कोरड्या मातीतून मुळांना जस्त नीट मिळत नाही, म्हणून भाताचा दाणा भरायच्या सुमाराला, ते दाण्यात उतरावं यासाठी, तो ते पाण्यातून थेट पानांवर फवारायचा... ऊन उतरल्यावर, पाठीवर पंप लावून. गावकऱ्यांनाही त्याने ते करायला लावलं.

"पिकाला सलाईन लावतोस काय रे?" मी विचारलं.

"पीक बरं आहे. ते खाणारी पोरं अशक्त आहेत."

मग एकदा गिरणीत आला. "गावाचं भात वेगळं काढशील? पॉलिश अगदी कमी. तांदूळ पांढरा करताना घातलेलं जस्त बरंचसं कोंड्यात जातं."

"तेवढ्यासाठी चालती गिरणी थांबवू? जमणार नाही."

आमच्या धंद्यात बोलणं इथून सुरू होतं. समोरचा उठतो, दारापर्यंत जातो, वळतो. मग मी थोडा उतरतो, तो थोडा चढतो. मी चहासुद्धा सांगितला होता. माधव "सरी" म्हणाला, तमिळमधलं ते 'बरं', पिशवी उचलली आणि गेला. चहा निवला.

गावाचं भात दुसऱ्या गिरणीत गेलं, लख्ख पांढरं होऊन आलं. कोंड्यातच जायचं तर फवारायचं कशाला, म्हणत लोकांनी पंप ठेवून दिले. माधव एकटा फवारत राहिला, घरी उखळात कांडून खात राहिला. लग्नकार्यात भेटला की माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. तांदळाचा विषय नाही. मीही काढला नाही. गरज त्याची होती, पुन्हा एकदा विचारायला काय झालं होतं त्याला?

तेराव्यानंतर वहिनींनी त्याच्या शेवटच्या पिकाचं पोतं पाठवलं. मी गिरणी थांबवली, यंत्र झाडून घेतलं, पॉलिश न करता तांदूळ काढला. मळकट, तांबूस... आमच्याकडे कुणी विकत घेणार नाही असा. रोज तोच खातो.

गिऱ्हाइकाला मी आजही आधी नाहीच म्हणतो. फक्त तो दाराकडे निघाला, की त्याच्या पायांकडे बघत राहतो.