पानशेतला तरंगलेली डबी

मी वारज्यात राहते. पानशेतला जायचे ठरले ते शेजारच्या मंदाताईंमुळे. त्या मूळच्या अमरावतीच्या, मुलाच्या नोकरीपायी पुण्यात आलेल्या. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बारा वर्षं झाली इथं, अन् धरणाचं पाणी अजून नळातूनच पाहून राहिली मी." मंगळवारी निघायचे ठरवले, कारण रविवारी सिंहगड रस्त्यावर बसमध्येच दिवस जातो.

मी कुठेही गेले तरी एक वही बरोबर नेते. माझी शाळा चौथीत सुटली. जाडजूड पुस्तके वाचायला मी लग्नानंतर आपली आपण शिकले. अडलेला शब्द मी बॉलपेनने वहीत लिहायची आणि आमचे हे कामावरून आले की त्या शब्दासमोर शाईच्या पेनाने अर्थ लिहायचे. हे अर्थ शब्दकोशात सापडायचे नाहीत. 'निरुपाय' या शब्दासमोर लिहिले होते, 'तुझ्या माहेरचा चहा.' 'औदार्य' समोर, 'घरमालकाला नसते ते.' त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांचे अक्षर म्हणाल तर त्या वहीत आणि रेशनकार्डाच्या मागे, एवढेच.

बोटीत बसणार म्हणून माझी मुलगी श्रुती हिने मला एक वॉटरप्रूफ डबी दिली. ती हिंजवडीला आयटीत आहे, ट्रेकला जाते, तिच्याकडे असल्या वस्तू पुष्कळ. टणक प्लास्टिक, दोन खटके आणि झाकणाच्या खाचेत काळी रबरी रिंग. "पाण्यात पडली तरी थेंब आत जाणार नाही, आई," म्हणाली आणि ऑफिसला पळाली.

रिंग मला जरा सैल वाटली. आता रबरी रिंग सैल झाली की काय करायचे हे मला कोणी शिकवायला नको. तीस वर्षे कुकर लावते आहे. रिंग काढली, गरम पाण्याने धुतली, खोबरेल तेलाचे बोट फिरवले आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. डबीत इंग्रजीतला एक कागद होता. मला इंग्रजी येत नाही, पण चित्र स्वच्छ होते: एक थेंब आणि त्याच्यावर फुली. म्हणजे पाणी आत येणार नाही. समाधानाने कागद पुन्हा घडी करून फ्रिजवर ठेवला. सकाळी रिंग खाचेत बसवताना एका कोपऱ्यात ती किंचित उचलून येत होती. अंगठ्याने दाबली, वही आत ठेवली, खटके लावले. कुकरच्या झाकणालाही सुरुवातीला असेच दाबावे लागते.

वारज्याहून पानशेतला जायला आधी स्वारगेटला जाणे म्हणजे उलटा प्रवास, पण तिथे बस सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. उजवीकडची खिडकी धरा. खडकवासल्यापासून पुढे पाणी त्याच बाजूला राहते. दोघींचे जातानाचे तिकीट शंभराच्या आत झाले. दीड तास धरून चला. डबा घरून न्या, पण पोटात भज्यांपुरती जागा ठेवा.

पानशेतला पायाने चालवायच्या दोघींच्या बोटीत बसलो. पैसे माणशी की बोटीला, हे आधी विचारून घ्या. बोटवाला तिथल्याच गावचा होता. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळता आवळता त्याने विचारले, "मावशी, डबीत काय हाय एवढं? सोनं?"

"वही आहे," मी म्हटले.

"हिशोबाची?"

"नाही हो. शब्दांची."

तो मंदाताईंकडे बघायला लागला. त्या म्हणाल्या, "पुण्याच्या हायेत त्या. चालायचंच."

पाणी शांत होते, डोंगर जवळ आल्यासारखे वाटत होते. मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसत होते. मंदाताई फोटोसाठी अर्धवट उठल्या, बोट कलली आणि माझ्या मांडीवरची डबी घसरून पाण्यात गेली. मी वाकून पाण्यात हात घातला, हाताला काही लागले नाही. पण डबी वर आली आणि तरंगत तरंगत लांब जायला लागली. आम्ही पाय मारतोय आणि ती आपली पुढे! शेवटी बोटवाल्याने मोटारबोट आणून आकडीने तिला ओढली. दहा-पंधरा मिनिटे तरी ती पाण्यात होती. काठावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बोटवाला म्हणाला, "भारी हाय डबी. बुडलीच न्हाई!"

मीही अभिमानाने म्हटले, "मग? रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलीय तिची रिंग."

भज्यांच्या टपरीवर बसून खटके उघडले. झाकण उचलले आणि माझ्या साडीवर निळे पाणी सांडले.

निळे. मला काही क्षण कळेचना की डबीत निळे पाणी कुठून आले. मंदाताई म्हणाल्या, "काय पाहून राहिली व? वही काढ ना बाहेर!" वही त्यांनीच काढली. माझे बॉलपेनचे शब्द जसेच्या तसे होते. एकेका ओळीत एकेक शब्द, आणि त्याच्यासमोर फिकट निळा डाग. निरुपाय, डाग. औदार्य, डाग. भजी गार झाली. परतीच्या बसमधले मला काही आठवत नाही. मंदाताईंनी स्वारगेटपर्यंत वही पदरात धरली होती, तेवढेच.

घरी श्रुतीने पानांमध्ये कोरे कागद घालून वही पंख्याखाली ठेवली. उन्हात नाही, उन्हात पाने आक्रसतात. मग डबीची रिंग हातात घेतली. ती फुगून खाचेपेक्षा मोठी झाली होती.

"आई, याला तेल लावलंस?"

"खोबरेल. शुद्ध."

तिने तो घडीचा कागद उघडून माझ्यासमोर धरला. थेंबावरची फुली म्हणजे तेल लावू नका. मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही.

तेव्हा असली डबी घेणार असाल तर ऐका. रिंगेला तेल नाही, गरम पाणी नाही, फ्रीजर तर नाहीच. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, खाचेत केस किंवा वाळूचा कण नाही ना ते बघा. एरवी खटके लावून ठेवू नका, रिंग दबून राहते. आणि नेण्याआधी आत नुसता कागद घालून ती अर्धा तास बादलीत दाबून धरा. कागद ओला झाला तर एक कागदच गेला.

वही वाळली. मी रोज थोडे अर्थ परत लिहिते आहे, पाठ असलेले. श्रुती म्हणाली होती, सगळे शब्द फोनवर सापडतात. मी म्हटले, "अर्थ मलाही येतात गं. बाबांनी काय लिहिलं होतं ते हवंय." ती वही आपल्याकडे ओढून म्हणाली, "'आतिथ्य' लिही. जोशीकाकू आल्यावर आपण पंखा एकवर करतो ते."

तेव्हा कळले, शाळेत असताना ती ही वही चोरून वाचायची, हसण्यासाठी. मला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता. तिच्याकडून आणखी सात-आठ अर्थ मिळाले.

उरलेल्या शब्दांसमोर काय होते ते आम्हा दोघींनाही आठवत नाही. त्यांच्यासमोर मी काहीच लिहिलेले नाही. काल मंदाताई वही चाळताना म्हणाल्या, "पान कसं रिकामं रिकामं दिसते व." दिसू दे.